सोळा म्हशींची एक मेंढी

शहागंज, औरंगाबाद
११ फेब्रुवारी १९८७

आबा,

म्हंजे पुन्हा तेच. मी मेंढरं टाकून पळालो, असं तुमी चौथ्या पत्रातबी शालूकडून लिहून घेतलं. मी पळालो नाय. मी सांगून निघालो, तवा तुमी पाठ फिरवून बसला होता. आता पाठीला ऐकू येत नसंल तर त्यात माझा काय गुन्हा? आन कोकरू लंगडतंय तेबी माझ्यामुळं, हे तर लईच झालं. मी इथं शहागंजात, कोकरू तिथं वाडीत, मी इथून त्याचा पाय कसा मोडणार?

पाण्याचे हाल इथंबी हायेत, पण हाल असूनसुद्धा माणसं वाढायलीत. वाळूजकडं कारखाने निघालेत. नव्या वसाहतींना नावं द्यायला कुणाला सवड नाय, एन-पाच, एन-सात असे नुसते नंबर टाकून मोकळे झालेत. कारखान्यांना टायपिंग येणारी पोरं लागतात, म्हणून आमचा क्लास सकाळपासून भरलेला. खाली अत्तराचं दुकान, वर आमच्या बारा मशीनी. बाराही एकदम सुरू झाल्या की खालच्या बाटल्या थरथरतात आन अत्तरवाला चाचा छताला काठी मारतो. मी तिथं शिकवतो हे मागं कळवलंच हाय. पोरं मला मास्तर म्हणतात.

सोबत एक कागद पाठवतो. ते चित्र हाय. पेन्सिल नाय, रंग नाय, सगळं मशीनवर काढलंय. 'मेंढी' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा मारला. काळं पायजे तिथं शब्दावर शब्द, पांढरं पायजे तिथं मोकळं सोडलं. आपला म्होरक्या मेंढा हाय. नुसत्या शिंगांना दोन दिवस लागले. मेंढरं टाकून पळालेला माणूस शिंगांवर दोन दिवस घालवंल का, ह्याचा विचार करावा.

तुमचा,
रामहरी

शालू, हे खालचं आबाला वाचू नको. मास्तर-बिस्तर काय नाय. मी झाडतो, पाणी भरतो, मशीनी पुसतो, रिबीन बदलतो. चौथी शिकलेल्याला कोण मास्तर करील? दुपारी दोन ते चार उन्हामुळं क्लास रिकामा असतो, तवा पाच नंबरच्या मशीनवर बसतो. मला शुद्ध लिहिता येत नाय, पण चित्रात शुद्ध-अशुद्ध कोण बघतंय? मालकाला, म्हंजे काकासाहेब सरांना, ह्यातलं काय ठाऊक नाय.



धनगरवाडी, ता. वैजापूर
२० फेब्रुवारी १९८७

दादास,

आबा सांगतात ते लिहिते, मधी मधी माझंबी लिहीन. आबा म्हणतात, पाठीला ऐकू येतं.

तुझा कागद पोचला. मी नेहमीसारखी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागले. मेंढी मेंढी मेंढी मेंढी. दहा ओळी झाल्या तरी मेंढीच. शेजारची चतुराबाई मधीच उठून भाकरी थापून परत आली, तरी मी मेंढीवरच. आबा म्हणाले, ह्याचं डोकं फिरलं, शहरातलं पाणी बाधलं. मायनं पदर डोळ्याला लावला. शेवटी आबांनी कागद माझ्या हातातून ओढला, भिंतीला खिळ्यावर लावला आन दूर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "हा तर आपला म्होरक्या. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलंबी काढलंया."

मला तर नुसती अक्षरंच दिसतात. मायला मेंढा दिसला, चतुराबाईला दिसला. शाळेच्या गुरुजींना दाखवला तर ते चष्मा लावून म्हणाले, शब्द बरोबर आहे पण वाक्य पूर्ण नाही. वाडीत वाचता येणारी आम्ही दोघंच हाओत, आम्हा दोघांनाच मेंढा दिसत नाय.

आता कामाचं. माळावर काडी उरली नाय. टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नाय, अडतीस मेंढरांना कुठून? शिवेवर एका संस्थेनं चाराछावणी उघडलीय. उसाचं वाढं आन पाणी फुकट, पण फक्त गाय, बैल, म्हैस यांना. मेंढीला आत घेत नाय. कडुबा व्यापारी येऊन गेला. पाडव्यानंतरच्या रविवारी ट्रक आणतो म्हणाला. त्यानं असा भाव सांगितला की आबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाय. तरी छावणीत जागा नाय मिळाली तर मेंढरं त्याला देणार आन स्वतः रोजगार हमीवर खडी फोडायला जाणार, असं आबा मायला म्हणाले. हे त्यांनी लिही म्हणून सांगितलं नाय, मी लिहिते.

तर आबा म्हणतात, अर्ज करून पाठव. छावणीचा चिटणीस सर्जेराव फक्त मशीनवर छापलेला अर्ज घेतो. आन त्यात आकडा चालत नाय. मागच्या वेळी लोकांनी दोनापुढं शून्य काढून वीस बैल केले, म्हणून आता जितकी जनावरं तितक्यांदा नाव लिहायचं. दोन बैल असतील तर बैल बैल. आबा वाडीभर सांगत फिरतात की अर्ज माझा मास्तर लिहिणार. आता तू बघ.

शालू



शहागंज, औरंगाबाद
५ मार्च १९८७

आबा, अर्ज सोबत जोडलाय. सर्जेरावच्या हातात द्यावा आन गप उभं राहावं. रामहरी मास्तर.

शालू, एवढंच वाचून दाखव. इथून पुढं तुझ्यासाठी.

मी अर्ज लिहायला बसलो. 'मेहेरबान साहेब' इथपर्यंत गाडी बरी गेली. पुढं काय लिहायचं ते सुचंना. विनंती कशी करतात मला काय माहीत? घरी कुणाला कधी केली नाय. क्लासात विशाखा म्हणून एक मुलगी हाय, तिचा वेग लई हाय, ती म्हणाली मी पाच मिनटात मजकूर सांगते. पण तिच्यादेखत मी कालच एका नव्या पोराला मशीन कसं पुसायचं ते मास्तरासारखं समजावलं होतं. मग तिला कसं विचारणार? म्हणालो, मला येतंय.

आन मग मला तुझं पत्र आठवलं. जनावराचं नाव पुन्हा पुन्हा लिहायचं असतं असं तू कळवलंस. शाले, दुसरं मला काय येतंय? तेवढंच तर येतं.

आता नियम म्हणतो म्हैस. आपल्याकडं हाय मेंढी. म्हणून मी मेंढी काढली, पण 'म्हैस' ह्या शब्दानं. वाचणाऱ्याला म्हैस वाचता येईल, म्हंजे नियम मोडत नाय. बघणाऱ्याला मेंढी दिसंल, म्हंजे आपण खोटंबी बोलत नाय. दोघंबी राजी. आधी 'गाय' घालून बघितलं, पण गाय शब्द फार हलका, लोकर विरळ दिसते, अंगाला खरूज झाल्यागत. म्हैस दाट बसते. दोन मात्रांची कळ दाबली की गाडी पुढं सरकत नाय, त्याच जागी कितीबी ठोका, काळंभोर होतं. डोळा तसाच केलाय.

विशाखानं कागद बघितला. म्हणाली, खाली निदान अडतीस तरी लिहा. पण आकडा चालत नाय असं तूच कळवलंस, आन खाली जागाबी नव्हती, तिथं शेपूट आलं होतं.

आबाला सांग, पगार वाढणार हाय, पुढल्या महिन्यापासून शंभर पाठवीन. वाढणार-बिढणार नाय, पण सांग.

दादा



धनगरवाडी
२४ मार्च १९८७

दादा,

तू काय करून ठेवलंस ते आता मी सांगते, नीट बसून वाच.

सर्जेरावनं अर्ज हातात घेतला, चष्मा पुसला आन पेन्सिलीनं एकेका शब्दावर टिंब देत मोजायला लागला. आबा गप उभे. संध्याकाळ झाली, कचेरी बंद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणं संपलं. सहाशे आठ.

आबांना वाटलं आता हाकलतोय. तर सर्जेराव उठून उभा राहिला आन आबांना स्वतःची खुर्ची दिली. कारण असं की पाचशे जनावरं नसली तर छावणी बंद करायचा हुकूम हाय, आन त्याच्याकडं सारी मिळून दोनशे चौदा होती. त्यात तुझ्या सहाशे आठ म्हशी आल्या. त्यानं त्याच दिवशी जिल्ह्याला अहवाल धाडला, तिथून सही होऊन आला, आन उसाच्या वाढ्याचे ट्रक सुरू झाले.

आपली मेंढरं आत गेली तवा सर्जेराव वहीत बघत होता. तो जनावरांकडं बघत नाय, वहीतच बघतो. तिसऱ्या दिवशी त्यानं मान वर केली. तवर उशीर झाला होता. मग त्यानं बसून भाग दिला. सहाशे आठ भागिले अडतीस, बरोबर सोळा, खाली काय उरत नाय. हे बघून त्याला लई बरं वाटलं. म्हणाला, बाकी उरली असती तर घोटाळा होता. आता हरेक मेंढीच्या पाठीवर तांबडी काव फिरवून आकडे टाकलेत. म्होरक्याच्या पाठीवर 'एक ते सोळा' हाय. लंगड्या कोकराला शेवटचे सोळा दिलेत.

मेंढरांना वाढं इतकं पडतं की ती त्याच्या ढिगावर चढून उभी राहतात. उरलेलं वाडीतले बैल खातात, त्यामुळं लोक आबांना रामराम घालायला लागलेत.

छावणीचे अध्यक्ष अप्पाराव म्हणून म्हातारे हायेत, अंगठा लावतात. तुझा अर्ज कचेरीत भिंतीला लावलाय. अप्पाराव रोज दारात उभे राहून विचारतात, ही मेंढी कुणी काढली? सर्जेराव सांगतो, अहो मेंढी नाही, अर्ज आहे. अप्पारावांना वयामुळं दिसत नाय असं सगळे म्हणतात.

आता भीतीचं. सात एप्रिलला, मंगळवारी, जिल्ह्याहून साहेब म्हशी मोजायला येणार. सर्जेरावनं आबांना सांगितलंय, तोवर सहाशे आठ म्हशी उभ्या करा, नायतर फसवणुकीची केस तुमच्या नावावर होईल, अर्ज तुमचा हाय. आबा अर्धी भाकरी खाऊन उठतात. मला म्हणाले, मास्तरला विचार काय करायचं. दादा, ते खरंच तसं म्हणाले. आबांनी आजवर तुला कधी काय विचारलंय का?

शालू



शहागंज, औरंगाबाद
३० मार्च १९८७

आबा,

पत्र वाचून मी पहिल्यांदा ठरवलं होतं की सहाशे आठ चिठ्ठ्यांवर म्हैस छापून धाडाव्या, हरेक मेंढीच्या गळ्यात सोळा बांधाव्या. दीडशे छापल्यासुद्धा. मग विशाखाला सगळं सांगितलं. ती हसली नाय, त्यानं मला जास्त भ्या वाटलं. ती म्हणाली, केस म्हंजे केस असते, तिथं चित्र चालत नाय.

तवा माझं ऐका. साहेब मंगळवारी येणार. कडुबाचा ट्रक रविवारी येतोय. भाव काय देईल तो घ्या आन मेंढरं देऊन टाका. मेंढरंच नसली तर साहेब मोजणार काय? अर्ज मी केला, चूक माझी, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

म्होरक्यासुद्धा द्यावा लागंल. एक ठेवला तरी सोळा म्हशी मागं उरतात.

रामहरी



धनगरवाडी
१२ एप्रिल १९८७

दादा,

तुझं पत्र मी वाचलं. आबा पाठ फिरवून बसले. मग रविवारी सकाळी स्वतःच काठी घेऊन छावणीवर गेले.

कडुबाचा ट्रक फाटकाला लागला. आबांनी मेंढरं हाकलत आणली. फाटकावरच्या माणसानं वही उघडली आन काठी आडवी लावली. म्हणाला, ह्या वहीत मेंढी आत आल्याची नोंद नाय, जे आत आलंच नाय ते बाहेर कसं सोडू? कडुबानं त्याला मेंढरं दाखवली. तो म्हणाला, म्या कुठं नाय म्हणतो, मलाबी दिसतात, पण वहीत सहाशे आठ म्हशी हायेत. म्हशी न्यायच्या असतील तर नेलेल्या सहाशे आठ म्हशींची पावती करा आन सही करा. कडुबानं तितक्या म्हशींवरचा बाजार समितीचा कर मनातल्या मनात काढला असंल. दुपारपर्यंत भांडला आन रिकामा ट्रक घेऊन गेला. आबा घरी आले, तीन भाकरी खाल्ल्या. केस व्हायची ती मंगळवारी होईल म्हणाले.

मंगळवारी जीप आली. साहेब तरणाच होता, भला माणूस वाटला. आधी वही बघितली. मग मेंढरांकडं बघत राहिला. एकीच्या पाठीवरचं 'तेहतीस ते अठ्ठेचाळीस' त्यानं दोनदा वाचलं. सर्जेराव साहेबापुढं तुझा अर्ज धरून सारखं म्हणत होता, लेखी आहे साहेब, सगळं लेखी आहे.

साहेबानं अर्ज वाचला. म्हैस म्हैस म्हैस. तवा दारातून अप्पाराव म्हणाले, साहेब, जरा इकडं माझ्याजवळ येऊन उभे राहा, आन तो चष्मा काढा. साहेब कंटाळला होता, म्हणून गेला असंल. चष्मा काढला.

"ही तर मेंढी आहे," साहेब म्हणाला.

"महिना झाला मी तेच सांगतोय," अप्पाराव म्हणाले, "पण हितं सगळे शिकलेले."

साहेब खाली बसला. त्याचा पेच वेगळाच होता. सहाशे आठ म्हशी मी स्वतः पाहिल्या, अशी सही त्यानं महिन्यापूर्वी जिल्ह्याला बसूनच केली होती. ते त्यानं सर्जेरावला हळूच सांगितलं, पण मी पाण्याची कळशी घेऊन तिथंच होते. मग त्यानं आबांना बोलावून विचारलं, तुमच्या म्हशी किती?

आबा म्हणाले, "साहेब, मला मेंढरांपुरतंच मोजता येतं. अडतीस हायेत. कागदात काय हाय ते माझ्या लेकाला विचारा. त्यो औरंगाबादला मास्तर हाय, त्यो चुकीचं लिहायचा नाय."

दादा, मी कळशी खाली ठेवली.

साहेबानं बराच वेळ पेनाचं टोपण चावलं आन शेरा लिहिला. मी वाचला, सांगते: 'दुष्काळामुळे म्हशींचा आकार लहान झाल्याचे आढळले. अंगावर केस वाढले आहेत. आवाज बारीक झाला आहे. प्रकृती समाधानकारक. छावणी पाऊस पडेपर्यंत चालू ठेवावी.' खाली सही, शिक्का. अर्ज मात्र फाइलीला लागतो म्हणून घेऊन गेला. जीपमध्ये बसल्यावर चष्मा काढून पुन्हा बघत होता.

म्हंजे मेंढरं वाचली. कडुबालाबी आता विकता येत नायत, कारण सरकारी शिक्क्यानं ती म्हशी झालीत.

आबा म्हणतात, मास्तरला लिही. पुढलं पत्र शालूला वाचून दाखवावं लागंल असं धाडू नको. माझं मला वाचता येईल असं धाड.

शालू



शहागंज, औरंगाबाद
२८ एप्रिल १९८७

शालू,

हे पत्र तुला हाय. आबाला जे हाय ते सोबतच्या कागदावर हाय.

इथं सगळं उघडं पडलं. पाच नंबरच्या मशीनची दोन मात्रांची दांडी तुटली. मी डोळा जास्त काळा केला होता, आन वर त्या दीडशे चिठ्ठ्या. चार दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाय. मग परीक्षेच्या सरावात एका पोरानं 'पैसे मिळाले' असं मारलं आन कागदावर 'पसे मिळाले' उमटलं. काकासाहेब सरांनी त्याला तीनदा पुन्हा मारायला लावलं, तिन्ही वेळा पसे. मग मशीन उलटं केलं, तर खालून माझे रद्दी कागद निघाले. सरांनी ते सगळे एक एक करून वाचले. मेंढी मेंढी, म्हैस म्हैस. शेवटी मला विचारलं, रामहरी, तुला काही मानसिक त्रास आहे का? कामावरून काढलं नाय. दांडी बसवायचे पैसे पगारातून कापले.

तुझं पत्र आलं तवा मी जिन्यात बसून वाचलं. 'त्यो चुकीचं लिहायचा नाय' इथं येऊन थांबलो, पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं. मी विचार केला, आबाला खरं लिहून कळवावं. पण लिहिलं तर ते तू वाचणार, चतुराबाईदेखत, ओट्यावर. आन आबांनी तर स्वतः वाचायचं मागितलंय.

म्हणून सहा नंबरच्या मशीनवर बसलो. ह्या वेळी सरांना विचारून बसलो. सोबतचं चित्र आठ दिवसांत झालं. सगळ्यात अवघड हात गेले. कसे ते तुला दिसणार नाय, पण अत्तरवाल्या चाचाला मराठी वाचता येत नाय, त्याला जिन्याच्या खाली उभा करून मी वरून कागद दाखवला. तो म्हणाला, अरे, ये तो तू है, झाडू लेके. एवढं ऐकलं आन पाकिटात घातलं.

आता तुझं काम. कागद मोठ्यानं वाचू नको. त्यात एकच शब्द हाय, मास्तर. तू वाचायला लागलीस तर नुसतं मास्तर मास्तर मास्तर ऐकू येईल आन आबा खूश होऊन मान हलवत बसतील. तसं होऊ देऊ नको. खिळ्याला लाव. आबाला मागं जाऊ दे, त्यांना जितकं जावंसं वाटंल तितकं. आन तू मधून बाजूला हो.

पाठ फिरवून बसले तर बसू दे. जे म्हणतील ते मात्र जसंच्या तसं लिही, तुझं काय मिसळू नको.

शंभराचं बोललो होतो ते खोटं होतं, तेबी चित्रात दिसंलच. मनिऑर्डर आज केली. फॉर्मवर आकडा टाकल्यावर तीच रक्कम शब्दांतबी लिहावी लागते, ती मी खिडकीवरच्या बाबूला न विचारता माझी मीच लिहिली: अक्षरी रुपये एकोणीस फक्त.